वरच्याची नक्कल का फसते? स्टारक्राफ्टच्या ३,३६० खेळाडूंकडून शिकलेलं

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या काही मुलामुलींशी बोलायचा योग आला. सगळ्यांना पीएचडीला यायचंय. प्रश्न नेहमीचेच होते. चांगले संशोधक आठवड्याला किती पेपर वाचतात? लॅबमध्ये किती तास थांबतात? एका वेळी किती प्रयोग लावतात? सगळं संपल्यावर एक मुलगी मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "मॅम, मी नोकरी सोडून येतेय. जूनमध्ये २७ पूर्ण होतील. उशीर झाला का?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. खरं तर या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांवर मला जे सांगायचं होतं, ते एका व्हिडिओ गेमवर झालेल्या दोन अभ्यासांतून आलेलं आहे. पण 'गेम' म्हटल्यावर सगळे हसतील असं वाटून मी गप्प बसले. ते आज इथे नीट लिहिते.

गेमशी ओळख

२०२०चं लॉकडाउन. माझं एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर घरीच चाललं होतं, प्रोजेक्ट अर्धवट लटकलेला. धाकटा भाऊ बारावीला. तो रात्री स्टारक्राफ्ट २ खेळायचा. हा गेम २०१० साली आला आणि नोव्हेंबर २०१७पासून त्याचा ऑनलाइन खेळायचा मुख्य भाग फुकट झाला, त्यामुळे घरात पैशांवरून वाद व्हायचा प्रश्न नव्हता.

मला असले गेम अगदीच नवे नव्हते. लहानपणी आतेभावाच्या कॉम्प्युटरवर एज ऑफ एम्पायर्स खेळले होते. पण तो खेळ म्हणजे कॉम्प्युटरविरुद्ध तटबंदी बांधायची, शेतं लावायची आणि निवांत बसायचं. समोर खरा माणूस असला की काय होतं, ते मला तेव्हा कळलं.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बुद्धिबळात एक चाल तुमची, एक माझी. रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारात पाळी नसते, दोघंही एकाच वेळी चाली करत असतात. सुरुवातीला तुमच्याकडे एक तळ आणि १२ कामगार असतात. कामगार मिनरल्स आणि गॅस खणून आणतात. त्यातून तुम्ही आणखी कामगार, इमारती आणि सैनिक करता. किती माणसं पोसता येतील यावर मर्यादा असते. ती वाढवायला वेगळी सोय करावी लागते, आणि ती वेळेत केली नाही तर सगळं उत्पादन ठप्प होतं. समोरचा काय करतोय ते दिसत नाही, कारण तुमचा माणूस जिथे नाही तिथे नकाशावर अंधार असतो. शिवाय स्क्रीनवर एका वेळी नकाशाचा छोटा तुकडाच दिसतो. तळावर बघत असाल तर लढाई दिसत नाही आणि लढाई बघत असाल तर तळावर काय अडलंय ते कळत नाही.

म्हणजे खरी टंचाई मिनरल्सची नसते, लक्षाची असते.

माझी पहिली चूक

सुरुवातीला मी केलं काय, तर जगातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघितले. फिनलंडचा सेराल हा त्यातला एक. २०१८ साली तो या गेमचा जागतिक विजेता झाला आणि तो किताब जिंकणारा पहिलाच बिगर-कोरियन ठरला. या लोकांची बोटं कीबोर्डवर नुसती पळत असतात. मिनिटाला किती क्रिया केल्या याला गेममध्ये 'एपीएम' म्हणतात आणि व्यावसायिक खेळाडूंचा एपीएम काहीशेत असतो. मी ठरवलं, आपणही वेग वाढवायचा. दिवसभर टपटप क्लिक करत राहिले आणि दणकून हरत राहिले. सगळ्यांत खालच्या ब्राँझ लीगमधून हलायचं नाव नाही.

एका रात्री आठव्या मिनिटाला माझा तळ उडाला. भावाने त्या डावाचा रिप्ले लावला.

"ताई, तू एकाच सैनिकाला चार वेळा तेच सांगतेस. तो बहिरा नाहीये."

"मग करू काय?"

"इकडे बघ ना. दीड हजार मिनरल्स नुसते पडून आहेत. एक सैनिक पन्नासचा. तीस सैनिक झाले असते. त्याने तुला वीस-बावीस सैनिकांत संपवलं."

मग त्याने मला महिनाभरासाठी दोनच कामं दिली. कामगार करणं थांबवायचं नाही, आणि मर्यादा यायच्या आत ती वाढवायची सोय करायची. बाकी लढाईत काहीही होवो, सैनिकांकडे बघायचंही नाही. मला हे फारच बाळबोध वाटलं. पण मी सिल्व्हरमध्ये गेले, काही महिन्यांनी गोल्डमध्ये.

आणि गोल्डमध्ये पुन्हा अडकले. कारण तिथे कामगार सगळेच करतात. आता मी हरत होते ते समोरचा काय बांधतोय हे बघायला माणूस पाठवत नव्हते म्हणून. ज्या सवयीने मला इथवर आणलं, तिचा आता वेगळा फायदा उरला नव्हता.

ही झाली एका माणसाची गोष्ट, आणि एका माणसाच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही. पण २०१३ साली हाच प्रश्न काही संशोधकांनी हजारो खेळाडूंवर तपासून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

नवशिका विरुद्ध तज्ज्ञ: नेहमीची पद्धत आणि तिची अडचण

कौशल्य कसं येतं याचा अभ्यास मानसशास्त्रात जुना आहे. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा बुद्धिबळावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवायचा आणि मग आठवणीतून मांडायला सांगायचं. खऱ्या डावातली मांडणी असेल तर मास्टर बाकीच्यांपेक्षा खूप पुढे. सोंगट्या कशाही ठेवल्या असतील तर त्याची ही आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे मास्टरची स्मरणशक्तीच अफाट असते असं नाही. त्याला ओळखीचे आकृतिबंध दिसतात. फार सुंदर प्रयोग. पण त्यात भाग घेणारे होते तीन जण: एक मास्टर, एक चांगला खेळाडू आणि एक नवशिका.

या विषयातले बरेचसे अभ्यास असेच होतात. तज्ज्ञ कमी असतात, त्यांना वेळ नसतो. मग हातात येतील तेवढे तज्ज्ञ घ्यायचे, थोडे नवशिके घ्यायचे आणि दोघांत काय फरक आहे ते मोजायचं. यात एक गृहीतक लपलेलं आहे: दोन टोकांमध्ये जो फरक दिसतो, तोच मधल्या प्रत्येक पायरीवर महत्त्वाचा असणार.

सायकलचं उदाहरण घ्या. शर्यतीतला सायकलस्वार आणि काल सायकल हातात घेतलेलं पोर यांची तुलना केली तर सगळ्यांत मोठा फरक कशात दिसेल? तोल सांभाळण्यात. यावरून 'उत्तम सायकलस्वार व्हायचं तर तोलावर मेहनत घ्या' असा सल्ला दिला, तर तो पहिल्या आठवड्यापुरता बरोबर आहे. तालुक्याच्या स्पर्धेतून राज्याच्या स्पर्धेत जायचं असेल तर निरुपयोगी, कारण तिथे तोल सगळ्यांकडेच असतो. फरक पडतो तो दमाचा, चढावर कधी जोर लावायचा याच्या अंदाजाचा. टोकांच्या तुलनेत हे दिसतच नाही असं नाही, पण तोलाच्या ढिगाखाली ते दबून जातं.

रिप्ले हाच विदा

हे गृहीतक तपासायचं तर मधल्या सगळ्या पायऱ्यांवरची भरपूर माणसं हवीत. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या जोसेफ थॉम्पसन, मार्क ब्लेअर, लीहान चेन आणि अँड्र्यू हेन्री यांनी ती स्टारक्राफ्ट २मध्ये शोधली. त्यांचा पेपर २०१३ साली 'प्लॉस वन'मध्ये आला.

त्यांनी खेळाडूंना प्रयोगशाळेत बोलावलं नाही, त्यांच्याकडून रिप्ले मागवले. स्टारक्राफ्टचा रिप्ले म्हणजे व्हिडिओ नसतो. कोणत्या क्षणी कोणी कोणती आज्ञा दिली याची ती नोंदवही असते. त्या नोंदींवरून गेम सगळा डाव पुन्हा घडवून दाखवतो. बुद्धिबळाच्या चाली वहीत लिहून ठेवतात तसंच, फक्त इथे प्रत्येक चालीला अगदी बारीक वेळ लागलेली. म्हणजे लोकांनी घरी बसून, स्वतःच्या इच्छेने, जिंकायच्या जिद्दीने खेळलेले डाव आयते मोजलेले मिळाले.

एकूण ३,३६० खेळाडू आणि सात पायऱ्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, मास्टर्स आणि व्यावसायिक. प्रत्येकाच्या डावातून वेग, लक्ष, नकाशाचा वापर, कीबोर्डच्या शॉर्टकटचा वापर अशा गोष्टी काढल्या. त्यातलं एक माप मला फार आवडतं. खेळाडू स्क्रीन एका जागी नेतो, क्षणभर बघतो, काही क्रिया करतो आणि स्क्रीन दुसरीकडे नेतो. या एका फेरीला त्यांनी बघण्या-करण्याचं चक्र धरलं. अशी चक्रं किती झाली, एका चक्रात क्रिया किती केल्या, आणि बघितल्यापासून पहिली क्रिया करेपर्यंत किती वेळ गेला, हे सगळं मोजता येतं. माझ्यासारखं चार वेळा तेच क्लिक केलं तर एपीएम वाढतो. बघितल्यापासून पहिलं पाऊल उचलेपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही.

मग या चलांपैकी कोणतं किती महत्त्वाचं हे शोधायला त्यांनी रँडम फॉरेस्ट वापरलं. कल्पना सोपी आहे. 'हा खेळाडू कोणत्या पायरीचा?' हे ओळखणारे शेकडो निर्णयवृक्ष तयार करायचे. मग एका चलाचे आकडे पत्त्यांसारखे पिसायचे, म्हणजे याचा आकडा त्याला, त्याचा याला. तरीही पायरी तितकीच बरोबर ओळखली गेली, तर ते चल बिनकामाचं. अंदाज कोसळला, तर महत्त्वाचं. आणि हे त्यांनी जवळजवळच्या पायऱ्यांसाठी वेगवेगळं करून पाहिलं, दोन टोकांसाठीही केलं.

निष्कर्ष असा: कौशल्याशी संबंध असलेली १२ चलं सापडली, पण त्यांचं महत्त्व पायरीगणिक बदलत गेलं. आणि निदान या विद्यात तरी फक्त दोन टोकांची तुलना केली असती, तर चित्र दिशाभूल करणारं आलं असतं.

लॅबमध्ये हेच मी पुन्हा केलं

हा पेपर मी वाचला पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी. सहा महिने आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

आमच्या लॅबमध्ये तेव्हा एक पाचव्या वर्षाची सीनियर होती. एका वेळी तीन प्रयोग लावायची, मध्येच पेपर वाचायची, संध्याकाळी सहाला बॅग उचलायची. मला वाटलं, काम करावं तर असं. मीही तीन प्रयोग एकदम लावायला लागले. एके दिवशी घाईत दोन ट्यूबवर लेबल लावायचं राहिलं, कोणती कुठली ते कळेना, आणि तिने आठ दिवस खपून शुद्ध केलेलं प्रोटीन माझ्या हातून वाया गेलं. ती ओरडली नाही. नुसती म्हणाली, "तू माझं आताचं काम बघतेस. पहिल्या वर्षी मी वर्षभर एकच जेल लावत होते."

तिचा रिप्ले मी बघितलाच नव्हता, फक्त स्कोअर बघितला होता. तीन प्रयोग एकदम लावणं हे पाचव्या आणि तिसऱ्या वर्षातला फरक सांगत असेल कदाचित. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षातला फरक होता तो लेबल, नोंदवही आणि एकच प्रयोग परत परत करून तोच निकाल मिळवणं यात. म्हणजे पुन्हा 'कामगार थांबू देऊ नकोस' हेच.

आणि तो २४चा आकडा

आता त्या मुलीचा प्रश्न. याच विद्यावर थॉम्पसन, ब्लेअर आणि हेन्री यांचा दुसरा पेपर २०१४ साली आला. त्यात १६ ते ४४ वयाचे ३,३०५ खेळाडू होते. प्रश्न असा की बघितल्यापासून क्रिया करेपर्यंतचा वेळ वयानुसार कधी वाढायला लागतो? त्यांनी सगळ्या आकड्यांमधून एकच सरळ रेषा न ओढता दोन तुकड्यांची रेषा ओढली आणि सांधा कोणत्या वयावर ठेवला की ती आकड्यांना सर्वांत नीट बसते ते शोधलं. सांधा आला २४ वर्षांवर. तिथून पुढे वेग मंदावतो. आणि कसलेला खेळाडू असला म्हणून ही मंदगती टळते असा पुरावा मिळाला नाही.

मी पीएचडीला लागले तेव्हा नेमकी २४ची होते. हे वाचून पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण पेपर शेवटपर्यंत वाचायचा असतो. एकाच वेळी दोन कामं सांभाळण्याच्या मापात वयानुसार तशी घसरण दिसली नाही. शिवाय मोठ्या वयाचे खेळाडू गेममधल्या डोक्यावरचा भार हलका करणाऱ्या सोयी जास्त वापरत असावेत, म्हणजे हाताचा गेलेला वेग दुसरीकडून भरून काढत असावेत, असं लेखकांना दिसलं. हा भाग त्यांनी शोधक स्वरूपाचा म्हणूनच मांडला आहे, त्यामुळे आपणही तो तेवढाच धरायचा. आणि ज्या वेगाची गोष्ट चालली आहे तो मिलिसेकंदांत मोजायचा आहे. सेराल २०२४ साली पंचविशीत असताना कातोवित्सेची मोठी स्पर्धा जिंकला. एका माणसाने सरासरी खोटी ठरत नाही, पण सरासरी मंदावली म्हणजे प्रत्येकाचा खेळ संपला, असाही तिचा अर्थ नाही.

मर्यादाही बघा. या अभ्यासात तीच माणसं वर्षानुवर्षं मोजलेली नाहीत; एकाच काळातली वेगवेगळ्या वयाची माणसं शेजारी ठेवली आहेत. चाळिशीत गेम खेळणारा माणूस आणि विशीतला मुलगा वयाखेरीज इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. खेळाडूंनी रिप्ले स्वतःहून पाठवले, म्हणजे निवड यादृच्छिक नाही. आणि किती तास खेळलात हे खेळाडूंनी स्वतः सांगितलेलं आहे. या विद्यात एकाच्या नावावर एकूण १०,००,००० तास नोंदले आहेत. भागाकार करा: न झोपता, न जेवता ११४ वर्षं! मोजलेला आकडा आणि सांगितलेला आकडा यांत फरक करायला मला या एका ओळीने शिकवलं.

तर त्या मुलीला माझं उत्तर: हा अभ्यास माउसच्या क्लिकबद्दल आहे. तुला उशीर झाला असं तो म्हणत नाही, आणि नाही झाला असंही म्हणू शकत नाही. त्याच्यावरून आपल्या आयुष्याचा निकाल लावायचा नाही. मात्र पहिला अभ्यास तुझ्या कामाचा आहे. तू नोकरी करून येतेयस, तर पहिल्या काही पायऱ्यांवरचं काही तुझ्याकडे आधीच असेल: वेळ पाळणं, नोंदी ठेवणं, 'मला हे कळलं नाही' असं सरळ सांगणं. काय आहे आणि काय नाही, ते आल्यावर पहिल्या महिन्यात बघ. तुलना करायचीच तर पाचव्या वर्षाच्या सीनियरशी करू नकोस, तुझ्यापुढे एक वर्ष असलेल्याशी कर. त्याला विचार, "गेल्या वर्षी तू कशात अडकला होतास?" गाइडना हे विचारून फारसा उपयोग नाही, त्यांना तोल शिकल्याचं आता आठवतही नसतं.

ज्यांना हात चालवायचेत त्यांच्यासाठी एक काम. हा विदा यूसीआयच्या मशीन लर्निंग संग्रहात 'स्किलक्राफ्ट' नावाने सगळ्यांना खुला आहे. त्यात ३,३९५ ओळी आहेत. ग्रँडमास्टर लीगच्या ३५ ओळी बाजूला काढल्या की पेपरातले ३,३६० उरतात. आधी ते दहा लाख तासवाले महाशय शोधा आणि त्यांचं काय करायचं ते कारणासकट लिहा. मग ब्राँझ विरुद्ध व्यावसायिक अशी तुलना करून कोणती चलं वर येतात ते बघा. त्यानंतर तेच ब्राँझ विरुद्ध गोल्ड आणि प्लॅटिनम विरुद्ध मास्टर्ससाठी करा. तिन्ही याद्या शेजारी ठेवा. कोणाला काय मिळालं ते खाली लिहा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.

भाऊ आता इंजिनिअर झालाय आणि डायमंडमध्ये आहे. मी अजून गोल्डमध्येच. परवा त्याला माझा एक रिप्ले पाठवला होता. त्याचं उत्तर आलं: "ताई, कामगार बरोबर आहेत. आता नकाशाकडे बघायला शिक."